घोंगडी, इरले आणि मेणकापड : सह्याद्रीच्या पावसात सुती जाकीट चालेल का?

१/
जुन्या धाटणीचे सुती जलरोधक जाकीट पुन्हा मानाने मिरवू लागले आहे. कधी ते मेण चोळलेल्या कापडाचे असते, तर कधी अतिशय दाट विणीच्या कापडाचे. प्लास्टिक नको, टिकाऊ हवे, दुरुस्त करता यावे, ही त्यामागची भावना रास्तच आहे. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील घाटवाटा आषाढात चढणाऱ्याने ते अंगात घालावे काय? उत्तर देण्यापूर्वी या वस्त्राचा आणि आपल्या पावसाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहू.

२/
सुरुवात एका वाटेपासून करू. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडावरून निसटले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडी पोहोचले. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी शत्रू अडवून धरला. विशाळगडाच्या पायथ्याशी शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी मोर्चे लावून बसले होते, तेही मोडावे लागले. पायवाटेने साठेक किलोमीटरचे हे अंतर एका रात्रीत आणि एका दिवसात कापले गेले.

३/
आता बेचाळीस वर्षे पुढे येऊ. १७०२चा जून. अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर रोख दोन लाख रुपये मोजून औरंगजेबाच्या हाती तोच विशाळगड, म्हणजे तेव्हाचा खेळणा, लागला. परशुरामपंत प्रतिनिधींनी गड सोडला. मग बादशाही छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली. हत्ती, उंट, तोफा, डेरे, बाजारबुणगे आणि वर कोसळता मृगाचा पाऊस. तेवढ्याच पट्ट्यातून बाहेर पडायला तिला ३८ दिवस लागले. ओढ्यांच्या पुरात माणसे, जनावरे आणि सामान वाहून गेले.

४/
दोन प्रवासांची सरळ तुलना करता येणार नाही. एक सहाशेंची सडी तुकडी, दुसरे चालते शहर. परंतु एक गोष्ट दोन्हींतून दिसते. या डोंगरांत पावसाळ्यात जो हलका चालतो तो पार होतो. भिजलेले कापड हे ओझे असते. डेऱ्याचे असो वा अंगावरचे. सुती जाकिटाचा प्रश्न शेवटी याच ओझ्याशी येऊन थांबतो.

५/
आता वस्त्राकडे वळू. पावसात चालणाऱ्याला दोन पाण्यांशी झुंजावे लागते : वरून पडणारे आणि अंगातून निघणारे. पहिले अडवणे सोपे आहे. दुसरे बाहेर सोडणे अवघड आहे. जलरोधक कपड्याचा सारा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

६/
युरोपात त्याची सुरुवात जहाजांवर झाली. भिजलेले शीड वारा चांगला धरते, पण जड होते. म्हणून खलाशी शिडाच्या कापडाला तेल लावू लागले. त्याच तेलकट कापडाचे अंगरखे झाले. पुढे जवसाच्या तेलाचा वापर रूढ झाला, पण ते कालांतराने पिवळे पडते, थंडीत कडक होऊन तडकते. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकात मेण मुरवलेले सुती कापड पुढे आले. १८९४ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स येथे सुरू झालेल्या बार्बर या पेढीचे गिऱ्हाईक होते खलाशी, कोळी आणि गोदीकामगार.

७/
दुसरा मार्ग रबराचा. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचे पेटंट घेतले. पाणी आत येईना, हे खरे. पण घामही बाहेर जाईना. शिवाय सुरुवातीचे रबर थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई. गंधकाबरोबर तापवून रबर स्थिर करण्याची रीत १८४०च्या दशकात निघाली तेव्हा चिकटपणा गेला. घाम मात्र आतच राहिला.

८/
तिसरा मार्ग सर्वांत कल्पक होता. टॉमस बर्बेरी यांनी १८७९ साली गॅबर्डीन आणले. त्यात कापडावर लेप नव्हता. विणण्याआधी सूतच जलरोधक करून मग वीण दाट ठेवलेली होती. वारा अडे, हलका पाऊस घरंगळून जाई आणि वाफ बाहेर पडे. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमांनी ते वापरले. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावरही गॅबर्डीनच होते.

९/
मॅलरी यांचा देह १९९९ साली ८,१५० मीटरच्या आसपास सापडला. त्यांच्या कपड्यांच्या अवशेषांवरून संशोधकांनी तंतोतंत नकला विणून घेतल्या : आत रेशीम, सूत आणि लोकर, बाहेर गॅबर्डीन. २००६ साली ग्रॅहम हॉयलंड यांनी ते कपडे एव्हरेस्टच्या उतारांवर घालून पाहिले. ते हलके, सुटसुटीत आणि चांगल्या हवामानात पुरेसे उबदार ठरले. ‘बिचारे कोट-पाटलोणीत गेले आणि गारठून मेले’ ही समजूत त्यामुळे बरीच ढिली पडली. लक्षात घेण्याजोगे हे, की त्या उंचीवर पाऊस पडत नाही. पडते ते कोरडे हिम.

१०/
सुताची पुढची झेप दुसऱ्या महायुद्धातली. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल हे कापड तयार झाले. मूळ प्रयोग आग विझवण्याच्या नळ्या आणि बादल्यांसाठी होता, कारण अळशीच्या तागाचा तुटवडा पडला होता. लांब तंतूच्या कापसाचे सूत इतके दाट विणायचे, की पाणी लागताच तंतू फुगून विणीतली भोके स्वतःच बुजतील. थंडगार समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी याच कापडाचे पोशाख झाले. लेपाशिवाय जलरोधक, कोरडे असताना मऊ आणि हवा खेळू देणारे. सुताचे याहून चांगले जाकीट आजवर झालेले नाही.

११/
मग अडचण काय? अडचण जन्मस्थानाची आहे. ही सारी कापडे थंड हवेची लेकरे आहेत. साउथ शील्ड्सला वर्षभरात पडणारा पाऊस सातशे मिलीमीटरच्या आत आहे. रत्नागिरीचा वार्षिक पाऊस तीन हजार मिलीमीटरहून अधिक, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्यावर तो आणखी वाढतो. तिकडे पावसाची सर येते आणि जाते. मध्ये कोरडा वारा सुटतो आणि कापड वाळते. आपल्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस दोरीवरचे धोतर वाळत नाही.

१२/
घामाचाही हिशेब मांडून पाहू. कपड्यातून वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. ३४ अंशांच्या घामेजल्या त्वचेजवळ हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. स्कॉटलंडच्या डोंगरात ८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर बाहेरचा दाब जेमतेम १ किलोपास्कल. कोकणात २६ अंश आणि तीच ९० टक्के आर्द्रता धरली तर तो ३ किलोपास्कल. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा फरक तिकडे ४.३, इकडे २.३. ताकद निम्म्यावर आली.

१३/
हा हिशेब केवळ सुतापुरता नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा शोधला आणि १९७६पासून गोअर-टेक्सची वस्त्रे बाजारात आली. ‘श्वास घेणारे’ म्हणून मिरवणारे हे महागडे जाकीटही याच निम्म्या ताकदीवर चालते. आंबा घाटाच्या चढावर ते घालणारा माणूस पावसाने नव्हे, पण घामाने निथळतो. यात जाकिटाचा दोष नाही. कोकणच्या हवेला आणखी वाफ घ्यायला जागाच उरलेली नसते.

१४/
मेणकापडी जाकिटाची अवस्था याहून वाईट. मेणाने विणीतली छिद्रे भरलेली असल्याने वाफेला वाट फारच थोडी. उकाड्यात मेण मऊ होऊन पाठपिशवीला आणि मानेला लागते. जाकीट कोरडेच किलो-दीड किलोचे. घरी आणून खुंटीला टांगले की आठवड्यात त्यावर बुरशीची पांढरी नक्षी उमटते. आणि हे कापड गरम पाण्याने व साबणाने धुताही येत नाही, कारण मेणच निघून जाते. चपला, चामडी पट्टे आणि पुस्तके पावसाळ्यात सांभाळणाऱ्या रत्नागिरीकराला हे वेगळे सांगायला नको.

१५/
व्हेंटाइल मात्र बुद्धिमान कापड. तरीही त्याचे गणित एका गृहीतकावर उभे आहे : तंतू फुगतील, पाऊस थांबेल, तंतू वाळून पुन्हा मोकळे होतील. आमच्याकडे मधली पायरीच गळते. दिवसभराच्या मुसळधारेत कापड फुगलेलेच राहते. पत्र्यासारखे ताठ आणि जड होते. एकेरी कापडातून पाणी शेवटी आत येतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात चढवायचे ते कालचेच ओले जाकीट.

१६/
आता खऱ्या धोक्याकडे. ‘कोकणात कसली थंडी?’ असे म्हणून हजारो तरुण दर पावसाळ्यात सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून गड चढतात. महिपतगड, सुमारगड, प्रचितगड यांसारख्या डोंगरांवर किनाऱ्याहून तापमान पाच-सहा अंशांनी उतरते. माथ्यावर वारा झोंबतो. ओले सूत अंगाला चिकटते, तंतूंमधली हवा निघून जाते आणि त्याबरोबर ऊबही. त्यात दमछाक, उपाशी पोट आणि चुकलेली वाट जमली तर वीस अंशांतही माणूस काकडून बधिर होऊ शकतो. पाश्चात्त्य गिर्यारोहक ‘कापूस जीव घेतो’ असे म्हणतात ते यासाठी. चढताना उकाडा आणि माथ्यावर काकडा : सह्याद्रीचा पेच हा असा दुहेरी आहे.

१७/
या मातीतल्या माणसाने तो कसा सोडवला? कोकणात कापूस फारसा पिकला नाही आणि पावसासाठी सुती अंगरख्याची परंपराही बनली नाही. शेतकरी पंचा-लंगोटीवर चिखलात उतरे. कपडे जितके कमी तितके भिजायला कमी. वर आच्छादन मात्र असे, आणि ते अंगाला चिकटलेले नसे. आपल्या परंपरेतले मर्म इथे आहे.

१८/
इरले पाहा. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये पळसाची किंवा कुंभ्याची पाने दाबून बसवलेली, आकार होडी उपडी घातल्यासारखा. डोक्यावर टेकते, पाठीवरून कमरेखाली उतरते. भात लावणारी बाई वाकली की ते छपरासारखे पाठीवर बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाणी मागे गळते आणि वारा खालून खेळतो. वाफ बाहेर जाण्यासाठी त्याला कोणत्याही पडद्याची गरज नाही, कारण बाजू उघड्याच असतात. मोडले तर पुढच्या वर्षी नवे विणायचे. जुने चुलीत किंवा खताच्या खड्ड्यात.

१९/
घाटमाथ्यावरचे उत्तर वेगळे : घोंगडी. तिथे पावसाला गारठ्याची जोड. दख्खनी मेंढीची काळी लोकर, हातावर काढलेले सूत, सनगरांच्या मागावर विणलेली पट्टी, वर चिंचोक्याची खळ. खळीने विणीला ताठपणा आणि दाटपणा येतो. एक टोक दुमडून खोळ केली की डोके, खांदे, पाठ सारे झाकले. धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरत, कोकणातल्या शेतात खतासाठी कळप बसवत आणि पावसाआधी परत वर जात. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी तेवढीच अंथरूण, पांघरूण, छत्री आणि बैठक.

२०/
लोकर भिजते, तरी ऊब का देते? तिचा तंतू कुरळा आहे. ओला झाला तरी सपाट होत नाही आणि मधली हवा टिकते. आपल्या वजनाच्या तीसेक टक्के बाष्प पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते. तंतूवरच्या नैसर्गिक मेणचटपणामुळे सुरुवातीचे थेंब घरंगळतात. सुताकडे हे गुण इतक्या प्रमाणात नाहीत. जंगम, वारकरी, मेंढपाळ, मावळा या सर्वांच्या खांद्यावर घोंगडी आली त्यामागे श्रद्धेइतकेच हे गुणही आहेत.

२१/
परंतु परंपरेची आरती ओवाळून भागणार नाही. इरले सपाट शेतासाठी आहे. खिंडीतल्या वाऱ्यात ते पतंगासारखे उडेल आणि कारवीच्या रानात दोन पावलांत अडकेल. घोंगडी कोरडीच दोन-तीन किलोंची. दिवसभर भिजली की ओझ्याच्या बैलालाही नकोशी व्हावी, आणि वाळायला आठवडा. ज्या माणसाला संध्याकाळी घरी चुलीपाशी परतायचे आहे त्याची ही साधने आहेत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन दिवस चालणाऱ्याची ती नव्हेत. सुती जाकिटाला लावलेली कसोटी यांनाही लावलीच पाहिजे.

२२/
मधल्या काळात आपल्याकडे ‘मेणकापड’ही होतेच. हा शब्द स्वतःच एक इतिहास आहे. आधी तो मेण वा तेल मुरवलेल्या कापडाचा होता. मग तान्ह्या बाळाखाली घालायच्या रबरी चादरीला लागला. पुढे प्लास्टिकचा ताव आला आणि खेड्यापाड्यांतून त्यालाही मेणकापड किंवा मेणकागदच म्हटले जाऊ लागले. वस्तूतले मेण गेले, कापडही गेले, नाव राहिले.

२३/
स्वदेशीच्या काळात रबरी रेनकोटही देशी झाला. १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफ वर्क्स सुरू केली. तिचा ‘डकबॅक’ पुढे महाराष्ट्रातल्या शाळकरी पिढ्यांच्या अंगावर आला. जड, वासाचा, आतून घामट. पण वर्षानुवर्षे टिकणारा. शेतात मात्र रेनकोट पोहोचण्याआधी प्लास्टिकच पोहोचले. प्रथम इरल्याच्या सांगाड्यावर पानांऐवजी निळा कागद चढला. मग सांगाडाही गेला आणि खताच्या गोणीची खोळ उरली. इरले विणणारे हात त्याबरोबर कमी झाले.

२४/
सुती जाकिटाकडे जग पुन्हा का वळते आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आधुनिक जाकिटावर पाणी घरंगळावे म्हणून जी फ्लोरिनयुक्त रसायने लावली जात, ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२५च्या आरंभापासून आणि फ्रान्सने २०२६च्या आरंभापासून कपड्यांतील अशा रसायनांवर निर्बंध आणले आहेत. बड्या उत्पादकांनी पडद्याची घडणच बदलायला घेतली आहे. ज्या डोंगराच्या प्रेमाने आपण चालतो त्याच्याच झऱ्यात आपल्या कपड्याचे विष उतरावे, हा प्रश्न खोटा नाही.

२५/
तर निवाडा असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरडी हवा, पहाटेचा बोचरा वारा, करवंदीची जाळी, रात्री शेकोटी : इथे दाट विणीचे सुती जाकीट उत्तम. काट्याने ते सहज फाटत नाही, ठिणगीने वितळत नाही, कुणीही शिंपी ठिगळ लावून देतो. जून ते सप्टेंबर, दिवसभराचा चढ, घाटमाथा : इथे ते नको. मेणकापडी तर नकोच. हा निवाडा सुताविरुद्ध नाही. हवामानाच्या बाजूने आहे.

२६/
मग पावसाळ्यात काय घालावे? इरल्याचे तत्त्व घ्यावे, वस्तू नव्हे. आच्छादन सैल आणि बाजूंनी उघडे असावे : पाठपिशवीवरून येणारा साधा पोंचो, रानातल्या बिनवाऱ्याच्या वाटेवर चक्क छत्री. अंगालगत सूत नको. पातळ, पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा बारीक लोकरीचा सदरा असावा. चढताना भिजण्याची लाज बाळगू नये. माथ्यावर थांबण्यापूर्वी वारा अडवणारे हलके जाकीट चढवावे. आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, काही झाले तरी मुक्कामापर्यंत सोडू नये. तो कोरडा जोड हीच आजच्या पदभ्रमण करणाऱ्याची चूल.

२७/
घोंगडीचे काय? ती पाठीवर नको, मुक्कामाच्या गावी हवी. दख्खनी मेंढीची लोकर आज कवडीमोल झाली आहे, कारण मऊ परदेशी लोकरीपुढे ती खरखरीत ठरते. मेंढपाळाला कातरणीचा खर्चही भारी वाटतो आणि सनगरांचे माग थांबत चालले आहेत. गडाच्या पायथ्याशी ज्या घरांत आपण रात्री उतरतो तिथे पांघरायला चार घोंगड्या असाव्यात, त्या विकत घेऊन द्याव्यात, एवढे तरी डोंगरवेड्यांच्या मंडळांना अशक्य नाही.

२८/
दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड हजारो लोक चालतात. वाट तीच, पाऊस तोच. त्या वाटेवर सोळाशे साठ साली जे हलके होते ते पोहोचले आणि सतराशे दोनमध्ये जे भिजून जड झाले ते अडकले. पाठपिशवी भरताना एवढे आठवले तरी पुरे.

(धागा समाप्त. आपल्या भागात इरल्याला, घोंगडीच्या खोळीला किंवा मेणकापडाला वेगळे नाव असेल तर खाली जरूर नोंदवा. गावाचे नावही लिहा.)